दार सताड, किलकिलं की लोटलेलं?

घरून किंवा वेगवेगळ्या गावांतून एकत्र काम करणाऱ्यांनी एकमेकांना किती दिसावं, किती दिसू नये, याबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमच्या टीममध्ये आठ जण आहेत. चौघं पुण्यात, दोघं नागपुरात, एक कोल्हापुरात आणि एक न्यू जर्सीत. ऑफिसात असताना मान वर केली की कोण जागेवर आहे, कोण फोनवर आहे, कोण चहाला गेलंय ते कळायचं. आता दोन मिनिटांच्या कामासाठीही मीटिंग लावावी लागते. सगळ्यांनी दिवसभर कॅमेरा चालू ठेवावा असं मी सुचवलं, तर टीम नाराज झाली. माझं काय चुकलं?
– टीम लीड, पुणे

तुमची अडचण खरी आहे, उपाय मात्र गरजेपेक्षा फार मोठा आहे. मान वर केल्यावर तुम्हाला एकाच प्रश्नाचं उत्तर मिळत होतं : ‘आत्ता हिच्याशी बोललं तर चालेल का?’ त्यासाठी तिचा चेहरा आठ तास समोर असण्याची गरज नव्हती. शिवाय ऑफिसात तुम्ही पाहिलंत तर तिलाही ते दिसायचं, आणि तुम्हाला दिसायचं ते ऑफिसच असायचं. घरचा कॅमेरा दिवसभर चालू ठेवला की या दोन्ही गोष्टी जातात. तुम्ही आत्ता तिच्याकडे बघताय की नाही हे तिला कळत नाही, आणि तुम्हाला दिसतं ते तिचं घर.

हा पेच नवा नाही. झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतल्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्राने १९८० च्या दशकातच पोर्टलंडच्या आपल्या गटाशी सतत चालू राहणारी व्हिडिओ जोडणी करून पाहिली. त्यानंतर पालो आल्टो आणि इंग्लंडमधलं केंब्रिज यांना जोडणारी ‘पोर्टहोल्स’ नावाची यंत्रणा आली. तिच्यावरचा शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात चालता व्हिडिओ नव्हताच. प्रत्येकाच्या खोलीचं एक छोटंसं चित्र ठरावीक काळाने बदलायचं, एवढंच. कोण आलंय, कोण कामात आहे, हे समजायला तेवढं पुरत होतं. कॅनडात टोरांटो इथे १९९० च्या दशकात झालेल्या टेलिप्रेझेन्स, म्हणजे दूर असूनही हजर असल्यासारखं काम करण्याच्या प्रकल्पात तर प्रत्येक जण पडद्यावर आपल्या दाराचं चित्र ठेवायचा : उघडं, किलकिलं किंवा बंद. दार उघडं असेल तर सरळ या, बंद असेल तर आधी टकटक करा. आपल्याकडे वाड्यात, चाळीत हे कुणी शिकवावं लागत नसे. लोटलेल्या दाराचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असे.

तीच भाषा टीममध्ये आणा. चार पायऱ्या ठरवा. ‘कडी’ म्हणजे काहीही दिसणार नाही, अगदी निकड असेल तर फोन. ‘लोटलेलं’ म्हणजे फक्त एक ओळीचा स्टेटस, निरोप पाठवा, वेळ मिळाला की उत्तर येईल. ‘किलकिलं’ म्हणजे स्टेटस आणि ज्याला चालेल त्याचं अधूनमधून बदलणारं छोटं चित्र; निरोप टाकून पाच मिनिटं थांबा. ‘सताड’ म्हणजे चालू व्हिडिओ, सरळ बोला. मूळ स्थिती ‘लोटलेलं’ ठेवा. त्यावरच्या पायऱ्या ज्याच्या त्याने निवडायच्या.

डेटाचा हिशोबही पाहा. साध्या दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला सुमारे ६०० किलोबिट लागतात. आठ तासांत नुसता पाठवण्याचा डेटा २ जीबीच्या वर जातो, बाकी सात जणांचं पाहायला लागतो तो वेगळा. कोल्हापूरचा तुमचा सहकारी मोबाइलच्या रोज २ जीबीच्या पॅकवर काम करत असेल, तर त्याचं नेट संध्याकाळच्या आतच संपेल. उलट १६० × १२० पिक्सेलचं कृष्णधवल चित्र ५ केबीच्या आसपास बसतं. दर पाच मिनिटांनी एक म्हणजे आठ तासांत ९६ चित्रं, अर्धा एमबीसुद्धा नाही.

चित्रं वापरायचीच असतील तर चार अटी पाळा. नवं चित्र जुन्याच्या जागी बसावं, साठा होऊ नये. चित्र काढण्याआधी निदान तीन सेकंद पडद्यावर सूचना यावी आणि एका बटणावर ते टाळता यावं. जो आपलं चित्र देतो त्यालाच इतरांची दिसावीत, तुम्हालासुद्धा याला अपवाद नाही. आणि ही चित्रं हजेरीसाठी, पगारवाढीसाठी कधीही काढून पाहिली जाणार नाहीत, हे लेखी द्या. शेवटची अट मोडली की बाकीच्या तीन पाळून काही उपयोग नाही. लोक खुर्चीत बसलेले दिसण्यासाठी बसू लागतात, आणि मग चित्रावरून खरं काहीच कळत नाही.

यात सर्वांत आधी बिघडतात ते स्टेटस. सकाळी ‘कडी’ लावलेला माणूस दुपारी ती काढायला विसरतो, कारण स्टेटस बदलायचे कष्ट त्याचे आणि फायदा दुसऱ्यांचा. म्हणून प्रत्येक स्टेटसला मुदत घाला : ‘कडी, दीड तास’. मुदत संपली की तो आपोआप ‘लोटलेलं’वर यावा. टीम्स आणि स्लॅक या ऑफिसच्या निरोपांच्या दोन्ही अ‍ॅप्समध्ये ही सोय आहे.

सोबतीची उणीव भासत असेल तर दिवसातला एक तास, समजा ११ ते १२, एक खुली व्हिडिओ खोली ठेवा. माइक बंद, येणं ऐच्छिक, आलेल्याने आपापलं काम करायचं. न्यू जर्सीच्या सहकाऱ्याला यात ओढू नका. तिथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्याच्यासाठी आठवड्यातून दोनदा आपल्या संध्याकाळी सातला वेगळा अर्धा तास ठेवा.

प्रश्न : डोंबिवलीत आमचा वन बीएचके आहे. हॉलमध्ये बसून काम करते, मागे सासूबाईंची ये-जा असते, मुलगा चार वर्षांचा आहे. वरिष्ठ म्हणतात, ‘बॅकग्राउंड ब्लर कर, मग काय अडचण?’ पण मला निर्धास्त वाटत नाही. माझी शंका वाजवी आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

पूर्णपणे वाजवी आहे. ब्लरबद्दल जितका गैरसमज आहे तितका या विषयात दुसऱ्या कशाबद्दल नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ब्लर काय करतो ते समजून घ्या. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये ‘माणूस कुठे आहे’ ते ओळखतं आणि उरलेला भाग पुसट करतं. सासूबाई मागून गेल्या तर त्यासुद्धा माणूसच. पुसट भिंतीतून त्या एकदम स्पष्ट उमटतात. म्हणजे जे झाकायचं तेच उठून दिसतं. मूल मांडीवर येऊन बसलं तर तेही स्पष्ट दिसणार. तुम्ही हात हलवलात, खुर्ची फिरवलीत, केस मोकळे असले, की कडांपाशी अंदाज चुकतो आणि मागची खोली तुकड्यातुकड्यांत डोकावते. लॅपटॉप जुना असेल तर प्रोसेसरवर ताण येऊन हे जास्त होतं. आणखी एक : ब्लर सहसा प्रत्येक अ‍ॅपमध्ये वेगळा चालू करावा लागतो. झूममध्ये लावलेला ब्लर मीटमध्ये लागू होत नाही, आणि मोबाइलवरून जॉइन झालात तर पुन्हा पहिल्यापासून.

मग सगळं चित्रच पुसट केलं तर? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात हे नीट तपासलं गेलं आहे. २००० साली त्यांनी ऑफिसातल्या नेहमीच्या दृश्यांवर पुसटपणाचे वेगवेगळे स्तर लावून पाहिले. मधल्या स्तरांवर बरं जमलं : माणूस आहे, कामात आहे हे कळत होतं आणि बारीक तपशील झाकले जात होते. त्याच मंडळींनी पुढे घरातली दृश्यं घेतली, ज्यांत कपडे बदलण्यासारखे संकोचाचे प्रसंगही होते. २००६ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष स्पष्ट होता. घरच्या अशा प्रसंगांत ब्लर खासगीपणा राखू शकत नाही. लोकांना सुरक्षित वाटेल इतकं पुसट केलं तर त्या चित्रातून सहकाऱ्याला उपयोगाचं काही उरत नाही. आणि ज्याला तुमची खोली माहीत आहे, तो रंग आणि हालचाल यांवरून बाकीचं मनानेच भरून काढतो.

म्हणून ब्लर शेवटी. त्याआधी कॅमेऱ्याला दिसतंय काय, ते बदला.

लॅपटॉपचा कॅमेरा साधारण ६५ अंश रुंद पाहतो. म्हणजे त्याच्यापासून १० फुटांवर जवळजवळ १२-१३ फूट रुंदीचा भाग येतो, तुमचा अख्खा हॉल. तेच ३ फुटांवर पावणेचार फूट. तेव्हा पाठ भिंतीकडे करून बसा. खुर्चीच्या पाठीपासून भिंत एक ते दीड फूट, त्याहून जास्त नको. तुमच्या आणि भिंतीच्या मधून कुणाला जाताच येणार नाही, हा खरा पडदा. बाथरूमचं आणि आतल्या खोलीचं दार तुमच्या समोर, म्हणजे लॅपटॉपच्या पाठीमागे येईल असं पाहा. येणारं माणूस तुम्हाला दिसेल, कॅमेऱ्याला दिसणार नाही, आणि तुमच्या स्क्रीनवरचं त्याला दिसणार नाही. वेगळा वेबकॅम विकत घेताना ९० अंशांचा घेऊ नका. जितकं अंतर त्याच्या दुप्पट रुंदी तो पाहतो. बैठकीच्या खोलीत तो उपयोगी, घरात नको.

मागे भिंत शक्यच नसेल तर जाड, एकरंगी पडदा दांडीवर लावा, रुंदी निदान ५ फूट. तो पंख्याच्या वाऱ्याने हलता कामा नये, खाली वजन शिवून घ्या. पाठीमागे खिडकी नको. तुमचा चेहरा काळवंडतो, आणि कॅमेरा उजेड सांभाळताना बाकीची खोली मधूनच उजळवतो.

आता आरसे. गोदरेजच्या कपाटाचा आरसा, शोकेसची काच, बंद टीव्हीचा काळा पडदा, या तिन्हींमधून कॅमेऱ्याला न दिसणारा अर्धा हॉल दिसतो. तपासायचं असं : कॅमेरा अ‍ॅप उघडा, ब्लर बंद ठेवा, खुर्चीत बसा आणि घरातल्या कुणाला तरी नेहमीच्या वाटांनी चालायला सांगा. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून थांबवत थांबवत बघा. दिव्याच्या उजेडात हेच पुन्हा करा, कारण खिडकीची काच रात्री आरसा होते.

घरातल्यांना कॅमेरा चालू आहे हे कळायची सोय तुम्हालाच करावी लागेल. कॅमेऱ्याचा दिवा तुमच्याकडे तोंड करून असतो, स्वयंपाकघरातून बाहेर येणाऱ्या सासूबाईंना तो दिसत नाही. तुम्ही हेडफोन घातल्यामुळे त्यांना पलीकडचा आवाजही येत नाही. म्हणजे कुणी ऐकतंय, पाहतंय, याची त्यांना एकही खूण मिळत नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर खिळा ठोकून त्यावर लाल रुमाल अडकवा. रुमाल आहे तोवर कॅमेरा चालू. चार वर्षांच्या मुलालाही हे समजतं, आणि रुमाल लावायचं काम त्यालाच दिलं तर तो विसरत नाही.

कॅलगरीच्याच संशोधकांनी घरासाठी केलेल्या एका रचनेत माणूस खुर्चीतून उठला की कॅमेरा आपोआप भिंतीकडे वळायचा, आणि भिंगासमोर हात धरला की बंद व्हायचा. तुम्हाला मोटर लावायची गरज नाही. पण उठताना लॅपटॉपचं झाकण अर्ध्यावर वाकवायची सवय लावा. अ‍ॅपमधलं बटण शोधण्यापेक्षा हे लवकर होतं.

आणि वरिष्ठांना एवढं कळवा : ‘बोलायच्या वेळी कॅमेरा चालू ठेवीन. ऐकायच्या बैठकीत बंद ठेवीन. घरातल्या इतर माणसांनी कॅमेऱ्यात यायला संमती दिलेली नाही.’ हे उद्धटपणाचं नाही.

प्रश्न : कंपनीच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर आहे. ते मधूनमधून माझा फोटो काढतं असा मला संशय आहे. खात्री कशी करायची? आणि कायद्याने हे चालतं का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

खात्री आधी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये जा, तिथे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग कॅमेरा. ‘रिसेंट अ‍ॅक्टिव्हिटी’ उघडली की गेल्या सात दिवसांत कोणत्या अ‍ॅपने कधी कॅमेरा वापरला ते दिसतं. मॅकवर कॅमेरा चालू असताना वरच्या पट्टीत हिरवा ठिपका येतो, माइकला नारिंगी. कंट्रोल सेंटर उघडलं की अ‍ॅपचं नावही कळतं. अँड्रॉइड १२ पासून पुढे फोनवरही उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. एक फोटो काढायला क्षणही पुरतो, तेव्हा नुसत्या दिव्याकडे लक्ष ठेवून बसू नका, नोंद पाहा. ही नोंद कॅमेऱ्यापुरती आहे हेही ध्यानात घ्या. तुमच्या स्क्रीनचे फोटो घेतले जात असतील तर त्याची नोंद इथे सापडणार नाही.

कायद्याचं असं आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्याचा थेट रोख सरकारवर आहे, खासगी कंपनीशी तुमचा संबंध मुख्यतः करार आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यांनी ठरतो. या कायद्याच्या कलम ७ नुसार नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीला नुकसानीपासून वाचवण्यासाठी तुमची माहिती तुमच्या संमतीशिवायही वापरता येते. म्हणजे ‘मी संमती दिली नव्हती’ एवढंच म्हणून भागणार नाही. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात.

नेदरलँड्समध्ये २०२२ साली एका न्यायालयाने वेगळा धडा घालून दिला. फ्लोरिडातल्या एका कंपनीने घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला दिवसभर वेबकॅम चालू ठेवायला सांगितलं. त्याने नकार दिला, तर काढून टाकलं. न्यायालयाने ही बडतर्फी चुकीची ठरवली, आणि दिवसाचे आठ तास कॅमेऱ्याने पाहत राहणं गरजेच्या प्रमाणात नाही असं म्हटलं. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण त्यातला प्रश्न एचआरला विचारण्याजोगा आहे : जे साधायचंय ते याहून कमी पाहून साधत नाही का?

तेव्हा तक्रारीच्या सुरात न लिहिता ईमेलवर पाच गोष्टी विचारा. काय टिपलं जातं? किती वेळाने? कोण पाहतं? कुठे आणि किती दिवस ठेवलं जातं? टिपताना मला सूचना का येत नाही? लेखी उत्तर मागा. तोवर कंपनीचं सॉफ्टवेअर स्वतःहून काढून टाकू नका, तो नियमभंग ठरू शकतो. कॅमेऱ्यावर झाकण सरकवणं त्या मानाने निरुपद्रवी आहे. आणि वैयक्तिक बँकेची, दवाखान्याची कामं त्या लॅपटॉपवर करूच नका.

प्रश्न : आमचा डिझाइन स्टुडिओ पणजी आणि पुणे अशा दोन ठिकाणी आहे. दोन्हीकडच्या चहाच्या कोपऱ्यात मोठे टीव्ही लावून कायमची खिडकी करायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?
– स्टुडिओचालक, पणजी

विचार चांगला आहे. घरापेक्षा चहाचा कोपरा या कामाला कितीतरी योग्य, कारण तो मुळातच सगळ्यांचा असतो. अमेरिकेत बेलकोर कंपनीच्या संशोधकांनी एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवरच्या बैठकीच्या जागा अशाच जोडल्या होत्या. त्यावरचा अहवाल १९९० चा आहे. पडदा ८ फूट रुंद, ३ फूट उंच. तरीही समोरासमोर भेटल्यावर जितक्या सहज गप्पा सुरू होतात तितक्या त्यातून होईनात. एक कारण साधं होतं. पडद्यावर समोरचे दिसत असले तरी स्वतः कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभं राहता येतं. एक बघतो, दुसऱ्याला तो दिसत नाही, मग हाक कोण मारणार?

म्हणून जमिनीवर पिवळी टेप लावा. कॅमेऱ्याची कड जिथे पडते तिथे रेघ, दोन्हीकडे. रेघेच्या आत आलात तर तुम्ही पलीकडे दिसताय. टीव्हीच्या एका कोपऱ्यात स्वतःकडचं चित्रही सतत राहू द्या. टीव्ही ४३ ते ५५ इंचाचा, मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, साधारण ५ फुटांवर. कॅमेरा टीव्हीच्या वर फार उंच नको, नाहीतर पलीकडच्यांना तुमची टाळूच दिसते.

आवाज मुळात बंद. बोलायचं असेल तर दाबायचं एक मोठं बटण भिंतीवर लावा, दाबल्यावर दिवा लागावा आणि दोन मिनिटांनी आपोआप बंद व्हावं. चहाशी माणसं पगाराबद्दल, आजारपणाबद्दल बोलतात. सतत उघडा माइक त्या गप्पाच संपवेल. प्रतिध्वनी काढणारा स्पीकरफोन घ्या, टीव्हीचे स्पीकर वापरलेत तर आवाज फिरून घुमत राहील. कॅमेऱ्याच्या टप्प्यात बाथरूमचं दार आणि कुरिअर घ्यायची जागा नको. पाहुण्यांसाठी दारातच मराठीत आणि कोकणीत पाटी हवी.

रेकॉर्डिंग व्हिडिओ कॉलच्या दोन्हीकडच्या खात्यांतून बंद करा. वेळ १० ते ६, प्लगला टायमर. नेट दोन्हीकडे पाठवायला आणि घ्यायलाही स्थिर २ एमबीपीएस असलं तर ७२० पिक्सेलचं चित्र नीट चालतं. झूमच्या फुकट खात्यावर कॉल ४० मिनिटांनी तुटतो, आणि पुन्हा जोडायचा कंटाळा करून खिडकी आठवडाभरात बंद पडते. सशुल्क खातं घ्या, किंवा गुगल मीटवर दोनच यंत्रांचा कॉल ठेवा, तो फुकटातही २४ तास चालतो. संगणकाचं स्लीप बंद करायला विसरू नका.

महिन्याभराने दोन्हीकडच्यांना विचारा, आणि कोपऱ्यात एक खुर्ची रेघेबाहेर नेहमी राहू द्या, ज्याला दिसायचं नाही त्याच्यासाठी.

प्रश्न : मी छापील कागदावर मसुदे तपासतो. टीम्सवर माझा हिरवा ठिपका सारखा पिवळा होतो आणि साहेब विचारतात, ‘कुठे होतात?’ माउस हलवणारं छोटं यंत्र मिळतं म्हणे. घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

नका घेऊ. कंपनीच्या लॅपटॉपला जोडलेलं यंत्र आयटी विभागाला दिसू शकतं, आणि प्रामाणिकपणे केलेल्या कामावर विनाकारण डाग लागतो. टीम्सवर पाच मिनिटं कीबोर्ड-माउस हलला नाही की ठिपका पिवळा होतो, स्लॅकवर दहा मिनिटांनी पोकळ होतो. त्या रंगाचा अर्थ इतकाच : बोटं हलली नाहीत. डोकं कुठे होतं, ते ठिपक्याला माहीत नसतं. झूममध्येही पूर्वी एक सोय होती. ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ मीटिंगची खिडकी पुढे नसेल तर यजमानाला खूण दिसे. एप्रिल २०२० मध्ये ती काढून टाकली गेली.

सकाळी बसताना स्टेटस मेसेज लिहा : ‘कागदावर मसुदा तपासतोय, १ पर्यंत. निकडीचं असेल तर फोन करा.’ मुदत १ ची घाला. साहेबांना शब्दांत उत्तर मिळालं की ते रंगाकडे पाहणं कमी करतील. संध्याकाळी तपासलेल्या पानांचे आकडे पाठवलेत तर आणखी बरं.

प्रश्न : कॅमेरा तर बंद ठेवता येतो, पण घरातले आवाज? कुकरच्या शिट्ट्या जातात ते एक वेळ ठीक, पण आईचं मावशीशी चाललेलं खासगी बोलणंही मीटिंगमध्ये गेलं.
– एक वाचक, सोलापूर

आवाजाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि चित्रापेक्षा तोच जास्त उघडं पाडतो. कॅमेऱ्याला भिंत आडवी येते, आवाज भिंतीला वळसा घालून येतो.

नॉइज सप्रेशन, म्हणजे अ‍ॅपमधली गोंगाट दाबायची सोय, शिट्टी, मिक्सर, पंखा चांगला दाबतं, पण त्याची घडण माणसाचा आवाज राखण्यासाठीच असते. आईचा आवाजही माणसाचाच, म्हणून तो जातो. यावर उपाय अंतराचा. दांडीचा माइक असलेला साधा तारेचा हेडसेट घ्या, माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवा आणि सेटिंगमध्ये माइकची पातळी खाली आणा. लॅपटॉपचा माइक तुमच्यापासून दोन फुटांवर आणि आईपासून आठ फुटांवर असतो, फरक चौपटीचाच. हेडसेटने तो शंभरपटीच्या आसपास जातो.

दुसरं, मूळ स्थिती म्यूट ठेवा आणि दाबून बोला. झूममध्ये म्यूट असताना स्पेस बार दाबून धरला की तेवढ्यापुरता माइक उघडतो. विंडोजवरच्या टीम्समध्ये कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबा. बोट उचललं की पुन्हा बंद. विसरायला जागाच राहत नाही.

प्रश्न : लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली तर चालते का?
– एक वाचक, ठाणे

चालते. पण मॅकबुक असेल तर सरकणारं प्लॅस्टिकचं झाकण लावून लॅपटॉप मिटू नका. स्क्रीन आणि कीबोर्डमधली फट इतकी अरुंद असते की स्क्रीनला तडा जाऊ शकतो. ०.१ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साध्या छपाईच्या कागदापेक्षा जाड काही लावू नका असं अ‍ॅपलनेच सांगितलं आहे. पुन्हा निघणाऱ्या चिकट चिठ्ठीतूनच चौकोन कापा, तिची चिकट पट्टी मागे येऊ द्या. तिचा डिंक भिंगावर राहत नाही. भिंगाशेजारी उजेड मोजणारा सेन्सर असतो, तोही झाकला गेला तर स्क्रीनचा उजेड आपोआप कमी-जास्त होणं बिघडतं, तेव्हा चौकोन लहान कापा.